भुईकाट्याच्या सॉफ्टवेअरची सेटिंग: कमांड लाइनवर काय, फाइलमध्ये काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पायथॉनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो भुईकाट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) सिरीयल पोर्टवर (एकामागून एक बिट पाठवणारी केबलची जोडणी) वजन वाचतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भरलेलं आणि रिकामं वजन नोंदवतो, काटापावती छापतो आणि नोंद नाशिकच्या ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवतो. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत इथल्या कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर तो बसवायचाय. आत्ता सगळी सेटिंग कमांड लाइन ऑप्शनमधून (प्रोग्रॅम सुरू करायच्या ओळीत ‘--’ लावून दिलेल्या सूचना) जाते आणि ऑप्शनची संख्या पंचविशीच्या पुढे गेली आहे. प्रत्येक खळ्यावर वेगळी बॅच फाइल (ती ओळ साठवून ठेवणारी विंडोजची फाइल) आहे, नवीन खळं आलं की जुनी कॉपी करून बदलायची. सोबतचा मित्र म्हणतो, सगळं एका यॅमल फाइलमध्ये (सेटिंग लिहायचा एक मजकुरी प्रकार) टाक आणि मोकळा हो. तुम्ही विचारताय, दोन्हींपैकी बरोबर काय?

दोन्ही लागणार आहेत. त्यामुळे खरा प्रश्न वाटणीचा आहे: कुठली सेटिंग कुठे राहील, आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी सापडली तर कुणाचं चालेल. आधी एक कबूल करतो. प्रोग्रॅम एकाच मशीनवर चालत असता आणि चालवणारे तुम्ही स्वतः असता, तर पाच-सात ऑप्शन आणि एक बॅच फाइल पुरेशी होती, कॉन्फिग फाइलचा पसारा मांडूच नका म्हणालो असतो. तुमच्याकडे ठिकाणं अनेक आहेत, मशीन विंडोजची आहेत आणि काट्यावर बसणारा माणूस कमांड लाइन बघणारा नाही. पुढचं सगळं हे धरून आहे.

प्रत्येक सेटिंगला मी एकच विचारतो: हिची किंमत, म्हणजे तिच्यात भरलेलं मूल्य, कोण बदलणार आणि कधी? तुमच्या प्रोग्रॅमला हात लावणारे तीन जण आहेत. नाशिकमध्ये बसून कोड लिहिणारे तुम्ही, खळ्यावर जाऊन केबल जोडून देणारा टेक्निशियन, आणि रोज गाड्या काट्यावर घेणारा मुनीम. पोर्टचा नंबर, बॉड रेट (केबलवरचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), प्रिंटरचं नाव, पावतीवर छापायचं फर्मचं नाव, सर्व्हरचा पत्ता या गोष्टी टेक्निशियन बसवताना एकदा ठरवतो आणि त्या त्या जागेला चिकटून राहतात. त्या फाइलमध्ये. आज एक पावती पुन्हा छापायची आहे, कालपासूनच्या नोंदी परत पाठवायच्या आहेत, एकदा कोरडी चाचणी (काहीही न नोंदवता) घ्यायची आहे, लॉग (प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची लिहितो ती नोंद) जास्त बोलका हवा आहे: हे त्या एका वेळेपुरतं असतं. ते ऑप्शन. तुमच्या यादीवर हा एक प्रश्न फिरवलात तर तीन-चतुर्थांश ऑप्शन फाइलमध्ये जातील आणि हातात सात-आठ उरतील.

तरीही यादीतल्या काही गोष्टी दोन्हीकडे बसणार नाहीत. हमाली आणि तोलाईचे दर तुम्ही ऑप्शनमध्ये ठेवलेत. ते फाइलमध्ये नेऊ नका, कारण ती सेटिंगच नाही, तो व्यवहाराचा डेटा आहे. दर हंगामाच्या मधेच बदलतो. फाइलमध्ये नवीन आकडा टाकला आणि आठवड्यानंतर शेतकऱ्याने जुन्या पावतीची दुसरी प्रत मागितली, तर ती नव्या दराने छापली जाईल. दोन प्रतींवर दोन आकडे म्हणजे खळ्यावर भांडण ठरलेलं. दर डेटाबेसमध्ये ‘लागू तारीख’ या रकान्यासह ठेवा आणि पावतीच्या नोंदीत त्या दिवशी लागलेला दर कायमचा लिहून टाका.

दुसरी गोष्ट, वजनाच्या आकड्यात फेरफार करू शकणारी कुठलीही सेटिंग: गुणक, ठरावीक वजावट, राउंडिंग. तुमच्याकडे ‘--गुणक’ नावाचा ऑप्शन दिसतोय, बहुधा काही इंडिकेटर टनात आकडा देतात म्हणून. तो कमांड लाइनवरून काढाच. कमांड लाइनवर दिलेली किंमत प्रोग्रॅम बंद झाला की गेली, मागे काही उरत नाही. काट्याची वैधमापन यंत्रणेकडून पडताळणी होते. सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट बदलून वजन बदलता येतं हे उद्या कुणी दाखवून दिलं तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. एकक इंडिकेटरच्या मॉडेलवरून ठरू द्या आणि मॉडेल फाइलमध्ये असू द्या.

इंडिकेटरचं मॉडेल हा मुद्दा थोडा उलगडतो, कारण इथे सेटिंगच्या रचनेचा थेट वजनावर परिणाम होतो. तुम्ही बॉड, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट असे चार सुटे ऑप्शन ठेवलेत आणि चौघांनाही डिफॉल्ट (काहीच दिलं नाही तर लागू होणारी किंमत) दिलेत: ९६००, ८, नाही, १. आता समजा विंचूरच्या जुन्या इंडिकेटरवर ७ डेटा बिट आणि ईव्हन पॅरिटी आहे. टेक्निशियनने बॉड बरोबर टाकला, पॅरिटी टाकायला विसरला. ७ बिट अधिक १ पॅरिटी बिट म्हणजे आठच बिट झाले, त्यामुळे फ्रेमची लांबी जुळते आणि पोर्ट कुठलीही चूक दाखवत नाही. पण ज्या आकड्याच्या आस्की कोडमध्ये (अक्षरासाठी ठरलेले सात बिट) एकांची संख्या विषम असते, त्याचा वरचा बिट १ होतो. म्हणजे ०, ३, ५, ६, ९ हे अंक नीट येतात. १, २, ४, ७, ८ कचरा होऊन येतात. वाचलेल्या ओळीतून ‘अंक नसलेली अक्षरं गाळा’ असं तुम्ही करत असाल, आणि बहुतेक जण करतातच, तर ४३५० किलोची ट्रॉली ३५० किलोची दिसेल. ३३०० मात्र अगदी बरोबर दिसेल. टेक्निशियनने चाचणीला नेमकं तसं वजन घेतलं तर तो ‘चालू झालं’ म्हणून गाडीला किक मारून निघून जाईल.

यातून डिझाइनच्या दोन गोष्टी निघतात. एक, जी मूल्यं नेहमी एकत्रच बदलतात त्यांना एक नाव द्या. फाइलमध्ये ‘इंडिकेटर = अमुक’ एवढंच लिहायचं आणि त्यामागचे बॉड, बिट, पॅरिटी, एकक, ओळीचा साचा हे सगळं तुमच्या प्रोग्रॅममधल्या तक्त्यातून यावं. वेगळंच मॉडेल भेटलं तर फाइलमध्ये नवीन प्रोफाइल लिहिता यावी, पण त्यात पाचही गोष्टी भरणं सक्तीचं असावं. दोन, जिथे चुकीचं डिफॉल्ट गुपचूप चालून जातं तिथे डिफॉल्ट ठेवूच नका. पावतीच्या प्रती किती, याला डिफॉल्ट २ चालेल. चुकलं तर कागद वाया जाईल. इंडिकेटर कुठला, याला डिफॉल्ट नको. फाइलमध्ये नसेल तर प्रोग्रॅमने सुरू व्हायला नकार द्यावा.

आता निव्वळ बॅच फाइलवर राहिलात तर काय होतं ते पाहू. विंडोजच्या शॉर्टकटमध्ये ‘टार्गेट’च्या रकान्यात साधारण २६० अक्षरं मावतात. तुमची ओळ त्याच्या पुढे गेलेली आहे, म्हणूनच तुम्हाला बॅच फाइल करावी लागली असणार. बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं, एकदाच लिहिलं तर ते व्हेरिएबलची सुरुवात समजून गिळलं जातं. ‘&’ आलं तर ओळ तिथेच तुटते आणि उरलेला भाग वेगळी कमांड म्हणून चालवायचा प्रयत्न होतो. ‘पाटील & सन्स’ असं फर्मचं नाव अवतरणाबाहेर राहिलं की पावतीवर नुसते ‘पाटील’ उरतात. सूचना वर्डमध्ये लिहून पाठवल्या असतील तर वर्ड दोन लहान रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. डोळ्याला फरक कळत नाही, प्रोग्रॅम मात्र ‘असा ऑप्शन नाही’ म्हणत बसतो. वर एवढ्या लांब ओळीत कुठली किंमत का ठेवली हे त्या किमतीशेजारी लिहायला जागाच नसते.

उलट सगळंच फाइलमध्ये नेलं तर त्रासाचा प्रकार बदलतो. लॉग बोलका करायचा म्हणून कुणी फाइलमध्ये ‘डीबग’ चालू करतं, काम झाल्यावर परत बंद करायला विसरतं आणि महिन्याभरात डिस्क भरते. ऑप्शन असता तर प्रोग्रॅमबरोबर तोही संपला असता. एकाच खळ्यावर दोन काटे असले तर प्रोग्रॅमच्या दोन प्रती चालवायच्या असतात आणि दोघी एकच फाइल वाचतात. शिवाय चाचणीसाठी सर्व्हरचा पत्ता बदलायचा तर खरी चालू फाइलच हातात घ्यावी लागते. त्यापेक्षा ‘--कॉन्फिग’ या ऑप्शनने दुसरी फाइल दाखवता येणं केव्हाही बरं. हा एक ऑप्शन तर हवाच.

फाइल ठेवायची कुठे, यावरच निम्मे फोन येतात. प्रोग्रॅमशेजारी, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे साध्या यूजरला लिहायची परवानगी नसते, आणि मॅनिफेस्ट (कुठली परवानगी हवी ते विंडोजला सांगणारी जोड) नसलेल्या जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमने तिथे लिहायचा प्रयत्न केला तर विंडोज ती फाइल गुपचूप त्या यूजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं. मग टेक्निशियन एक फाइल बदलतो आणि मुनिमाच्या लॉगिनमधला प्रोग्रॅम दुसरीच वाचतो. मशीनची सेटिंग ‘सी:\प्रोग्रामडेटा\काटा’ मध्ये ठेवा. लिनक्सवर न्यायचं झालं तर ‘/ईटीसी’ खाली.

‘चालू फोल्डरमधली काटा.टोमल वाच’ असंही करू नका (टोमल हा सेटिंग फाइलचा एक प्रकार, त्याबद्दल पुढे). हाताने चालवून पाहिलं की ते चालतं. पण तोच प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस (कुणी लॉगिन न करताही मागे चालणारा प्रोग्रॅम) म्हणून सुरू झाला की त्याचं चालू फोल्डर सिस्टम३२ असतं. टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं तरी तेच होतं. फाइल सापडत नाही, प्रोग्रॅम सगळी डिफॉल्ट घेऊन चालू होतो आणि ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हा संवाद सुरू होतो. पूर्ण पत्ता वापरा आणि सर्व्हिस नोंदवताना ‘--कॉन्फिग’ सकट नोंदवा. इथे एक नियम पक्का असू द्या: यूजरने पत्ता स्वतः दिला आणि तिथे फाइल नसली तर थांबायचं. नेहमीच्या जागी फाइल नसली तर काय करायचं हे प्रोग्रॅमवर अवलंबून आहे. तुमच्याकडे इंडिकेटर सक्तीचा असल्याने तिथेही थांबणंच येतं.

आता कुणाचं कुणावर चालेल ते. रूढ क्रम असा: कमांड लाइन सगळ्यात वर, तिच्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टम प्रोग्रॅमला सुरू होताना देते ती किंमत), मग यूजरची फाइल, मग मशीनची फाइल आणि शेवटी प्रोग्रॅममधलं डिफॉल्ट. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) आधी कमांड लाइन बघतं, मग यूजरची फाइल, मग मशीनची, आणि प्रत्येक सेटिंगसाठी पहिली सापडलेली किंमत धरतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) मुख्यतः तीन पातळ्या ठेवतं: मशीन, यूजर आणि त्या त्या रेपॉझिटरीची. तुम्हाला एवढं नको. खळ्यावरच्या मशीनवर यूजरची वेगळी फाइल म्हणजे गोंधळाला आमंत्रण. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही विंडोजवर या कामाला टाळा: आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला बदल दिसत नाही आणि सर्व्हिसला तर बहुधा मशीन रीस्टार्ट केल्यावरच दिसतो. तुमचे तीनच थर: ऑप्शन, मशीनची फाइल, डिफॉल्ट.

हा क्रम कोडमध्ये उतरवताना पायथॉनच्या आर्गपार्समध्ये (ऑप्शन वाचणारी लायब्ररी) एक चूक हमखास होते, आणि तुम्ही प्रश्नासोबत चिकटवलेल्या कोडच्या तुकड्यात ती दिसतेय. तुम्ही प्रत्येक ऑप्शनला तिथेच डिफॉल्ट दिलंय, उदाहरणार्थ ‘--प्रती’ ला २. आता यूजरने ‘--प्रती’ दिलंच नाही तरी आर्गपार्स २ देणार. फाइलमध्ये ३ लिहिलेलं असलं तरी तुमचा कोड म्हणणार, कमांड लाइनवरून २ आलंय, ते वरचढ. फाइलचं कधी चालणारच नाही. ‘दिलं नाही’ आणि ‘डिफॉल्टइतकंच दिलं’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. त्यासाठी पार्सर तयार करताना आर्ग्युमेंट-डिफॉल्टला ‘सप्रेस’ ही किंमत द्या. मग न दिलेला ऑप्शन निकालात येतच नाही. डिफॉल्ट एका वेगळ्या डिक्शनरीत (नाव आणि किंमत यांच्या जोड्या) ठेवा, तिच्यावर फाइलमधल्या किमती ओता, त्यांच्यावर कमांड लाइनच्या. तीन ओळींचं काम आहे. मात्र सुट्या ऑप्शनवर ‘डिफॉल्ट’ लिहिलेलं राहिलं तर तिथे तेच लागू होतं, त्यामुळे ते सगळे पुसा.

हो-नाहीच्या ऑप्शनला आणखी एक अडचण आहे. ‘--छपाई’ दिलं तर चालू, न दिलं तर बंद अशी रचना असली तर फाइलमध्ये चालू असलेली छपाई कमांड लाइनवरून बंद करायला रस्ताच उरत नाही. ‘--छपाई’ आणि ‘--नो-छपाई’ अशी जोडी लागते. पायथॉन ३.९ पासून आर्गपार्समध्ये यासाठी ‘बूलियन ऑप्शनल अ‍ॅक्शन’ तयार आहे. ‘टाइप’ म्हणून थेट ‘बूल’ मात्र देऊ नका: पायथॉनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी धरली जाते, म्हणजे ‘--छपाई फॉल्स’ लिहूनही छपाई चालूच राहील. आर्गपार्स आपणहून अर्धवट नावंही ओळखतो हेही लक्षात घ्या. कुणी बॅच फाइलमध्ये ‘--प्रिं’ लिहून ठेवलं आणि ते ‘--प्रिंटर’ म्हणून चाललं. पुढच्या आवृत्तीत तुम्ही ‘--प्रिंट-टेस्ट’ आणलंत की ती बॅच फाइल मोडली. ‘अलाउ-अ‍ॅब्रेव्ह’ बंद करा.

इथवर मुद्दा असा झाला: जागेची सेटिंग फाइलमध्ये, त्या वेळेची ऑप्शनमध्ये, दर डेटाबेसमध्ये, आणि थर तीन. आता थर आले की ‘ही किंमत आली कुठून?’ हा प्रश्न येतोच, आणि माझ्या मते चांगल्या आणि त्रासदायक प्रोग्रॅममधला फरक इथे पडतो. गिटमध्ये ‘--शो-ओरिजिन’ दिलं की प्रत्येक सेटिंगपुढे ती कुठल्या फाइलमधून आली ते दिसतं. एसएसएचचा सर्व्हर मोठ्या टी ऑप्शनने शेवटी लागू झालेली सगळी सेटिंग छापून दाखवतो. तुमच्या प्रोग्रॅमला ‘--सेटिंग-दाखव’ द्या आणि छपाई अशी असू द्या:

इंडिकेटर = जुना-७ई१ ← सी:\प्रोग्रामडेटा\काटा\काटा.टोमल
पोर्ट = कॉम५ ← कमांड लाइन
प्रती = २ ← डिफॉल्ट
सर्व्हर-टोकन = (आहे, लपवलं) ← सी:\प्रोग्रामडेटा\काटा\टोकन

हेच प्रोग्रॅम सुरू होताना लॉगच्या डोक्यावर छापा. मुनिमाने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पाठवला की निफाडला चक्कर न मारता नाशिकमधून कळेल, पोर्ट कमांड लाइनवरून येतोय, म्हणजे जुनी बॅच फाइल अजून जिवंत आहे. किमती ओतताना प्रत्येकीसोबत तिचं मूळ एका शेजारच्या डिक्शनरीत लिहायचं, एवढंच त्यासाठी करावं लागतं. ओळीचा नंबर द्यायच्या मागे लागू नका. पायथॉनचा टोमल वाचक तो देत नाही आणि फाइलचं नाव पुरतं.

फाइलचा प्रकार. मित्राचं यॅमल मी इथे घेणार नाही. पायथॉनमध्ये सर्रास वापरली जाणारी पायवायएएमएल लायब्ररी यॅमल १.१ चे नियम पाळते. त्या नियमांत अवतरणाशिवाय लिहिलेलं ‘९:३०’ हे साठच्या पायाने मोजलेला पूर्णांक समजलं जातं. लिलावाच्या सत्राची वेळ म्हणून लिहिलेलं ९:३० तुमच्या हातात ५७० होऊन येईल. ‘नो’, ‘ऑफ’ हे शब्द फॉल्स होतात. शून्याने सुरू होणारा ०१२३ असा कोड अष्टमान पद्धतीत वाचला जाऊन ८३ होतो. आणि टेक्निशियनने टॅब दाबला की फाइलच मोडते. जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही आणि शेवटचा स्वल्पविराम राहिला तर चूक; माणसाने हाताने लिहायच्या फाइलला हे जाच आहे. आयएनआय साधी आणि ओळखीची आहे, पण तिच्यात सगळंच स्ट्रिंग असतं आणि पायथॉनचा कॉन्फिगपार्सर टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ देतो, ते इंटरपोलेशन (एका किमतीत दुसरी भरणं) बंद करेपर्यंत पासवर्डातला टक्का चूक देतो.

मी टोमल सांगेन. पायथॉन ३.११ पासून वाचक आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोजवर तीन खाचा आहेत, त्या आधीच बुजवा. पहिली: दुहेरी अवतरणात बॅकस्लॅश हा खास अक्षराची खूण असतो. फोल्डरचं रोमन नाव टी अक्षराने सुरू होत असेल, जसं टेम्प, तर त्याआधीचा बॅकस्लॅश धरून तिथे टॅब येतो. एन असेल तर नवी ओळ, आणि कुठेही तक्रार येत नाही. विंडोजचे पत्ते एकेरी अवतरणात लिहा किंवा सरळ पुढे झुकलेली रेघ वापरा, पायथॉनला चालते. दुसरी: जुन्या विंडोज १० वरचं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये साठवताना फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण टाकतं आणि टोमल वाचक पहिल्याच ओळीच्या पहिल्याच अक्षरावर अडतो. फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने स्वतः वाचा आणि मजकूर वाचकाला द्या, म्हणजे खूण असो-नसो फरक पडत नाही. तिसरी: एक्स्टेन्शन लपवलेलं असलं की ‘काटा.टोमल’ म्हणून साठवलेली फाइल खरं तर ‘काटा.टोमल.टीएक्सटी’ असते. फाइल नाही म्हणून थांबताना शेजारी या नावाची फाइल आहे का ते बघून संदेशात सांगा. सेटिंगची नावं मात्र रोमनमध्येच ठेवा, टोमल १.० मध्ये अवतरणाशिवायच्या नावात रोमन अक्षरं, अंक, अधोरेघ आणि आडवी रेघ एवढंच चालतं. मी इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय. किमती मराठीत लिहायला हरकत नाही. फर्मचं नाव देवनागरीतच असणार.

फाइलमध्ये अनोळखी नाव आलं तर दुर्लक्ष करू नका. ‘प्रिंटर’ऐवजी ‘प्रींटर’ लिहिलं आणि प्रोग्रॅमने ते सोडून डिफॉल्ट प्रिंटर घेतला, तर टेक्निशियन तासभर केबल हलवत बसेल. अनोळखी नाव दिसलं की थांबा आणि जवळचं नाव सुचवा. पायथॉनच्या डिफलिबमध्ये जुळणारी नावं शोधायचं फंक्शन आहे. संदेशात चार गोष्टी हव्यात: कुठली फाइल, कुठली सेटिंग, काय मिळालं, काय हवं होतं. आणि पहिल्या चुकीवर थांबून एकेक दाखवण्यापेक्षा सगळ्या चुका एकदम द्या, म्हणजे फोन एकदाच होईल. ‘--तपास’ असा ऑप्शन ठेवा, जो फाइल वाचतो, पोर्ट उघडून बघतो, प्रिंटर सापडतो का पाहतो आणि काहीही न नोंदवता बंद होतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा लहान टी ऑप्शन हेच काम करतो आणि सर्व्हर सांभाळणारे त्याशिवाय रीलोड करत नाहीत. सेटिंग चुकीची असल्यास बाहेर पडतानाचा कोड २ द्या, आर्गपार्सही चुकीच्या ऑप्शनला तोच देतो. बाकी बिघाडांना १.

पोर्टबद्दल एक जोड. यूएसबी ते सिरीयल अडॅप्टर स्वस्तातला असला तर त्यात बहुधा स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. मुनिमाने तो शेजारच्या यूएसबी खाचेत लावला की विंडोज त्याला नवीन कॉम नंबर देतं, कॉम३ चा कॉम७ होतो. म्हणून पोर्टची किंमत ‘ऑटो’ही चालू द्या: मशीनवर असा एकच अडॅप्टर असेल तर तो घ्या, एकापेक्षा जास्त असतील तर अंदाज न बांधता यादी दाखवून थांबा. दोन काटे असलेल्या खळ्यावर अंदाज चुकला तर एका गाडीचं वजन दुसरीच्या पावतीवर जाईल. तिथे प्रत्येक काट्याला वेगळी फाइल आणि वेगळं ‘--कॉन्फिग’.

सर्व्हरचा पासवर्ड किंवा टोकन ऑप्शनमध्ये अजिबात नको. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची यादी देणारी पीएस कमांड दुसऱ्या यूजरलाही पूर्ण कमांड लाइन दाखवते, विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये ‘कमांड लाइन’चा कॉलम चालू केला की दिसते, आणि बॅच फाइल तर उघडीच असते. मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) म्हणूनच कमांड लाइनवर पासवर्ड दिला की इशारा देतं. टोकन मुख्य फाइलमध्येही नको, कारण ती फाइल मदतीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार हे धरून चाला. वेगळी फाइल, तिच्यावर फक्त सर्व्हिसच्या खात्याला वाचायची परवानगी, आणि मुख्य फाइलमध्ये तिचा पत्ता. प्रत्येक खळ्याला वेगळं टोकन द्या, म्हणजे एक फुटलं तर बाकीच्या खळ्यांना हात लावावा लागणार नाही.

प्रोग्रॅमने स्वतः कॉन्फिग फाइल लिहू नये असं माझं मत आहे. पायथॉनचा आतला टोमल वाचक फक्त वाचतो हे एका अर्थी बरंच आहे. माणसाने लिहिलेल्या टिप्पण्या प्रोग्रॅम पुसून टाकतो आणि लिहिता लिहिता वीज गेली तर हातात शून्य बाइटची फाइल उरते. शेवटचा पावती क्रमांक, न पाठवलेल्या नोंदी असल्या चालू गोष्टी डेटाबेसमध्ये. टेक्निशियनसाठी सेटिंगची खिडकी करायचीच असेल तर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, ‘एफसिंक’ करा (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा) आणि ‘ओएस.रिप्लेस’ने जुनीच्या जागी बसवा. म्हणजे एकतर जुनी पूर्ण फाइल राहते किंवा नवी पूर्ण.

चालू खळ्यांवर हे नेताना सगळं एका दिवसात बदलू नका. आधी कोडमधली डिफॉल्ट आर्गपार्समधून काढा आणि ‘--सेटिंग-दाखव’ आणा. याने कुणाचंच काही बदलत नाही, पण प्रत्येक खळ्यावर सध्या नेमकं काय लागू आहे ते छापून घेता येतं. मग त्याच छपाईवरून टोमल फाइल तयार करणारा ‘--फाइल-बनव’ ऑप्शन द्या. जुनी बॅच फाइल या एका ऑप्शनसह चालवली की त्या खळ्याची फाइल तयार. तयार फाइलमध्ये न बदललेली सेटिंगही टिप्पणी करून, डिफॉल्टसकट लिहा, म्हणजे टेक्निशियनला वेगळं माहितीपत्रक शोधावं लागत नाही. वरती ‘आवृत्ती = १’ अशी एक ओळ असू द्या, पुढे नाव बदललंत तर जुनी फाइल ओळखता येईल. फाइल लागू झाल्यावर जुने ऑप्शन दोन-तीन आवृत्त्या चालू ठेवा, पण वापरले की लॉगमध्ये ‘हे आता फाइलमध्ये लिहा’ असं छापा. ‘--गुणक’ला मात्र ही सवलत नको, तो पहिल्याच आवृत्तीत जाऊ द्या.

आणि हे उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात असताना करू नका. बाजार बंद असेल त्या दिवशी एका खळ्यावर लावा, वजनं माहीत असलेल्या भरलेल्या आणि रिकाम्या गाड्या काट्यावर घ्या, आणि त्या वजनांत १, २, ४, ७, ८ हे पाचही अंक एकदा तरी येतील असं बघा.